'कळवतो' म्हणून गेलेल्याला घरमालकाने फोन करावा का?

माडीवाला (नाचणे, रत्नागिरी)
आमची माडी रिकामी आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, जिना बाहेरून. मे म्हणजे बदल्यांचा हंगाम, पंधरा दिवसांत सहा जण बघून गेले. सगळे 'घरी विचारून कळवतो' म्हणाले, कळवलं एकानेही नाही. शेजारी म्हणतात, आपण फोन केला की समोरचा भाडं पाडून मागतो. मला हे पटत नाही. दुसऱ्या दिवशी मालकाने आपणहून फोन करावा, जागा कशी वाटली विचारावं आणि सरळ सांगावं, शुक्रवारपर्यंत तुमच्यासाठी थांबतो. यात कमीपणा कसला?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)
साफ चूक. तीस वर्षं बिऱ्हाडं ठेवतोय, मागे लागून एकालाही फोन केला नाही. गरज असेल तो दोनदा येतो. तुम्ही मुदत घातलीत की माणूस घाईत हो म्हणतो आणि तिसऱ्या महिन्यात सोडून जातो. कराराचा खर्च वाया, पुन्हा पहिल्यापासून शोधाशोध. आणि शुक्रवारपर्यंत थांबलात, त्यात खरा गरजू परत गेला तर?

बदलीवरची (सध्या कुडाळ)
मी भाडेकरू, ही माझी चौथी बदली. एका मालकांनी आठवड्यात नऊ फोन केले. शेवटचा रात्री साडेदहाला, 'टोकन पाठवा, नाहीतर जागा गेली.' घर चांगलं असूनही सोडलं. सुरुवातीलाच एवढी घाई, तर राहायला गेल्यावर काय होईल अशी भीती वाटली.

पण दुसरी बाजूही सांगते. आम्ही कळवत नाही त्यामागे बहुतेक वेळा एखादं अडलेलं उत्तर असतं. एका घरात पलंगामागच्या भिंतीला हात लावला तर रंगाचा पापुद्राच हातात आला. पावसात ओल येते का विचारलं, तर 'कोकणात कुठे येत नाही?' विहिरीला मेमध्ये पाणी असतं का, तर 'बघू'. त्यानंतर 'काय ठरलं?' असा फोन आला. मी काय सांगणार? 'गेल्या पावसाळ्यानंतर भिंत करून घेतली, येऊन बघा' एवढं कुणी कळवलं असतं, तर मी दुसऱ्याच दिवशी गेले असते.

वाशिष्ठीकाठ
ताई, तुमचं म्हणणं रास्त आहे, पण ते पहिल्याच भेटीत सांगायचं. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, पाणी कुठवर आलं होतं? मी जिन्यापाशी नेतो, सातव्या पायरीवर हात ठेवतो. आवडलं तर राहा. मग फोनला कारणच उरत नाही.

दस्तवाला (दापोली)
मी भाडेकरार करून देतो, म्हणून एक भर घालतो. फोनपेक्षा एकच लेखी मेसेज पाठवा. भाडं, डिपॉझिट, वीजबिल कुणाकडे, नोंदणीचा खर्च कुणाचा, कधीपासून राहायला यायचं. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही ही समजूत चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, वेगळं सिद्ध होईपर्यंत. तेव्हा कराराआधी टोकनसाठी मागे लागणं दोघांनाही धोक्याचं.

माडीवाला
ताईंचं वाचून आठवलं. सहांपैकी एका बाईंनी पाण्याचंच विचारलं होतं आणि मी 'होईल हो सगळं' म्हणून जिना उतरलो होतो. फोन करावा हे माझं मत कायम आहे, वाशिष्ठीकाठ. सगळं पहिल्या भेटीत सुचतं असं नाही, ना त्यांना, ना आपल्याला. पण विचारायला नव्हे, सांगायला करावा. मुदतीचा हट्ट सोडला.

आज सकाळी विहिरीत दोरी सोडून मोजलं. पाच हात पाणी आहे, पंप एक दिवसाआड लावतो. तेवढंच त्या बाईंना मेसेज करून कळवलं. रविवारी मिस्टरांना घेऊन येते म्हणाल्यात.