सल्ला हवाय: मिडियम वेव्ह मोजायला जुना फील्ड स्ट्रेंग्थ मीटर, बजेट १५ हजार

कांदिवलीचा_काटा
नमस्कार मंडळी. घरात आजोबांचा मर्फी रेडिओ आहे, गिरगावच्या चाळीत आकाशवाणीचं १०४४ आणि ५५८ (किलोहर्ट्झ) खणखणीत लागायचं, आता कांदिवलीत सोळाव्या मजल्यावर गॅलरीत जरा बरं आणि हॉलमध्ये आणला की नुसती खरखर. आणि मालाडचा ट्रान्समीटर इथून गिरगावपेक्षा कितीतरी जवळ! मला हवेत नक्की किती सिग्नल येतो ते मोजायचंय, मिलिव्होल्ट पर मीटरमध्ये. जुना, काट्याचा, झाकणात लूप (तारेच्या वेटोळ्याचा अँटेना) असतो तसला मीटर हवाय. बजेट १५ हजार, शिपिंग धरून. मोबाईल ॲप सुचवू नका प्लीज.

नळीप्रेमी
पोटोमॅकचा एफआयएम-४१ घ्या, विषय संपला. ५४० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ, आणि १० मायक्रोव्होल्टपासून १० व्होल्ट पर मीटरपर्यंत मोजतो. झाकण उघडलं की तोच लूप उभा राहतो, अख्खी पेटी फिरवून काटा जास्तीत जास्त वर आणायचा, मग आतला ऑसिलेटर लावून कॅलिब्रेट करायचं आणि मगच आकडा वाचायचा. अमेरिकेत एएम स्टेशनवाले अँटेनाचा पॅटर्न तपासायला हेच घेऊन शेतातून फिरायचे. मी ६ वर्षांपूर्वी मागवला, सगळं मिळून लाखाच्या वर गेलं पण वस्तू अशी की पाहुणे आले की आधी तीच दाखवतो.

कांदिवलीचा_काटा
काका, १५ हजार.

डोंगलदादा
आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीचा छोटा रेडिओ रिसीव्हर) घ्या, लॅपटॉपला लावा, सगळा बँड स्क्रीनवर दिसतो. काटे बघायचे दिवस गेले.

नळीप्रेमी
डोंगल तुम्हाला अँटेनाच्या टोकाला काय आलं ते सांगतं, हवेत किती आहे ते नाही. अँटेना फॅक्टर, म्हणजे हवेतल्या सिग्नलचे टोकाला किती व्होल्ट होतात ते, माहीत नसेल तर तो आकडा घेऊन करायचं काय.

डोंगलदादा
लाखाचा डबा शोकेसमध्ये ठेवून तरी काय करायचं

स्टार_केबल_भांडुप
आमच्याकडे केबलचा सिग्नल बघायचा डीबी मीटर असतो, ४ हजारात मिळेल. बरीच वर्षं वापरतोय, दोनदा टेरेसवरून पडला तरी चालू.

नळीप्रेमी
भाऊ तो टीव्हीचा, ४५ मेगाहर्ट्झच्या आसपास सुरू होतो. हे १ मेगाहर्ट्झचं प्रकरण आहे.

स्टार_केबल_भांडुप
सिग्नल तो सिग्नल. १५ हजारात तीन येतील.

पार्सल_फुटलेला_माणूस
बाहेरून मागवणार असाल तर माझं ऐका. मी आरसीएचा जुना व्हॉल्ववाला (काचेच्या नळ्यांवर चालणारा) मीटर मागवला होता, तीन आठवडे कस्टममध्ये, ड्यूटी भरली, घरी आला तर काटा वाकून डायलला घासतोय. पाठवणाऱ्याला सांगा की मीटरच्या दोन टोकांना तांब्याची वायर जोडून शॉर्ट कर, मग धक्क्याने काटा फार हेलकावत नाही. मला हे नंतर कळलं. पॅकिंगमध्ये वर्तमानपत्राचे चार बोळे होते, बस्स. शिवाय जुन्या पोर्टेबल व्हॉल्वसेटना ६७.५ व्होल्टची बॅटरी लागते, ती आता दुकानात सहज मिळत नाही. ९ व्होल्टच्या सात जोडा, ६३ होतात, बहुतेक वेळा काम भागतं.

लॅमिंग्टनचा_जावई
आधी लॅमिंग्टन रोडला फिरा. पूर्वी फुटपाथवर डिस्पोजलचं (मोडीत काढलेलं जुनं सामान) काय काय मिळायचं, मी एकदा २०० रुपयांत मोटवानेचा मल्टीमीटर आणलेला, अजून चालतो. आता नुसती मोबाईलची कव्हरं.

सीएसटी_फास्ट
तुमच्या घराजवळ रेल्वे लाइन आहे का? आता वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट एसी आहे, पूर्वी १५०० डीसी होतं, खरखर त्याचीच.

लॅमिंग्टनचा_जावई
डीसी असतानाही पँटोग्राफ (गाडीच्या टपावरचा, तारेला घासणारा दांडा) ठिणग्या मारायचाच की! पावसात तर दिवाळी असायची. आम्ही रुळाला लागून राहायचो, मला नका सांगू.

(या दोघांचं पुढे अकरा पोस्ट चाललं, ते सोडून द्या.)

गँगवाले_काका
थोडा हिशोब करू. १ किलोवॅटच्या उभ्या मनोऱ्याचा, जमीन अगदी आदर्श धरली तर, १ किलोमीटरवर साधारण ३०० मिलिव्होल्ट पर मीटर सिग्नल येतो. पॉवर शंभरपट केली की सिग्नल दहापट, म्हणजे १०० किलोवॅटला ३ व्होल्ट. चार किलोमीटरवर ७५० मिलिव्होल्ट. जमीन नि इमारती खातात ते वजा करा, तरी काही शे उरावेत. हे प्रचंड आहे! इतक्यात मर्फी नीट चालत नसेल तर एकतर मर्फीची अलाइनमेंट (आतल्या ट्यूनिंगची जुळणी) गेलीय, नाहीतर हॉलभोवतीच्या काँक्रीटमधली सळई सिग्नल अडवतेय आणि वर एलईडी बल्ब, चार्जर यांचा गोंगाट. गिरगावात चाळ लाकडाची होती, आणि पिवळे बल्ब होते, हा फरक.

आधी एक करा: ट्रान्झिस्टर घेऊन घरातले एकेक एमसीबी पाडत चला, कुठल्या लायनीवर खरखर थांबते बघा. मोजायचंच असेल तर एका लाकडी चौकटीवर वायर गुंडाळा, ५०० पीएफचा गँग (स्टेशन लावायचा फिरता कपॅसिटर) लावा, एक ओए७९ डायोड, आणि जुन्या टेपरेकॉर्डरचा व्हीयू मीटर (आवाजाबरोबर हलणारा काटा). इतक्या जवळ बॅटरीशिवाय काटा हलेल. खर्च हजाराच्या आत. कॅलिब्रेशन नसेल, पण गॅलरीत किती आणि हॉलमध्ये किती हे कळेल, आणि तुमचा प्रश्न तोच आहे ना?

डोंगलदादा
टेक्सनचा पीएल-३१० रेडिओ बघा, त्यात डीबी दिसतात.

गँगवाले_काका
हो तेही चालेल. फक्त ते डीबी म्हणजे हवेतले मिलिव्होल्ट नव्हेत. दोन जागांत २० डीबीचा फरक आला तर दहापट, एवढंच धरा. आणि ट्यूनिंगची स्टेप ९ किलोहर्ट्झवर ठेवा, अमेरिकेच्या १० वर असेल तर १०४४ अडखळेल.

स्टार_केबल_भांडुप
डीबी मीटरमध्येपण डीबीच दिसतात

कांदिवलीचा_काटा
अपडेट. काकांचं ऐकून एमसीबी पाडले, अर्धी खरखर टीव्हीच्या मागच्या सेट टॉप बॉक्सच्या ॲडाप्टरची निघाली, मनापासून आभार. चौकट करायला वायरपण आणली. पण शुक्रवारी चोरबाजारात गेलो आणि एका जुन्या सामानवाल्याकडे, शिलाई मशीनच्या पायाखाली, एक राखाडी पेटी. झाकण उघडलं, लूप! नेमप्लेट नाही, फक्त चार स्क्रूची भोकं. बॅटरीच्या खणात हिरवं बुरशीसारखं साचलंय, गोल बटणं मात्र अशी फिरतात की लोण्यातून सुरी. चालू आहे का विचारलं तर म्हणाला "साहेब, चालू असता तर तुम्हाला दिला असता का". १८ हजारांना आणला. बायको बोलत नाहीये.

नळीप्रेमी
थोडे घालून एफआयएम आला असता.

गँगवाले_काका
अहो चौकट??

पार्सल_फुटलेला_माणूस
व्हॉल्ववाला आहे का? बॅटरी कितीची लिहिलीय?

कांदिवलीचा_काटा
खणात स्टिकर अर्धा फाटलाय, "६७" एवढंच वाचता येतंय.

पार्सल_फुटलेला_माणूस
९ व्होल्टच्या सात. वर लिहिलंय. आधी ती हिरवी घाण व्हिनेगर लावून साफ करा, नीट सुकू द्या, आणि जुने इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बदलल्याशिवाय बॅटरी लावू नका.

स्टार_केबल_भांडुप
चालला नाही तर सांगा, ४ हजारवाला आहे माझ्याकडे.