दर गुरुवारची सभा: ठेवायची की मोडायची?

परळकर

आमचा सेवा क्लब परळचा. तीस वर्षांहून जुना, गिरणगावातल्या मंडळींनी वर्गणी काढून उभा केलेला. कुठल्या मोठ्या संघटनेची शाखा नाही. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला एका शाळेच्या हॉलमध्ये सभा होते आणि त्याच आवारातल्या खोलीत आमचं रुग्णसाहित्य केंद्र आहे. वॉकर, कमोड खुर्च्या, व्हीलचेअर, एअर बेड, तीन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. अनामत भरायची, वस्तू न्यायची, काम झालं की आणून द्यायची. केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालयं हाकेच्या अंतरावर, त्यामुळे खोलीला कुलूप लावून घरी जावं आणि पुन्हा फोन यावा, हे नेहमीचंच.

येत्या वार्षिक सभेपुढे ठराव येतोय: साप्ताहिक सभा बंद करून महिन्याला एकच घ्यायची, बाकी कामकाज व्हॉट्सॲपवर चालवायचं. माझा याला विरोध आहे. का, ते सांगतो.

गेल्या पावसाळ्यात ओळीने पाच गुरुवार सभा झाली नाही. एकदा हिंदमाताला पाणी भरलं, दोनदा कोरम झाला नाही, मग गणपती आले. सहाव्या आठवड्यात जवळच्याच चाळीतली एक मुलगी आली. वडिलांना डिस्चार्ज मिळाला होता, घरी ऑक्सिजन लावायला सांगितलं होतं. रजिस्टरात मशीन ‘शिल्लक’ होतं. आम्ही ते तिच्या घरी पोचवलं, सुरू केलं. हिरवा दिवा पाच मिनिटांनी पिवळा झाला, म्हणजे ऑक्सिजन कमी पडतोय. बोटाला लावलेल्या यंत्रावर रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्के, मग ८६. मशीन फिरवून पाहिलं तर मागच्या फिल्टरवर धुळीचा असा थर की बोटाने सोलून काढता यावा. दुसरं मशीन बाहेर गेलेलं, तिसरं दुरुस्तीला. भाड्याचं मिळेपर्यंत पावणेतीन तास गेले. तेवढा वेळ ती मुलगी वडिलांना टेकून बसवून होती. तिचे वडील वाचले, पण ते पावणेतीन तास माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: हे मशीन हवेतला नायट्रोजन आतल्या दाण्यांमध्ये शोषून घेतं आणि नव्वद टक्क्यांच्या वर ऑक्सिजन बाहेर देतं. ओल लागली की ते दाणे खराब होतात. म्हणून पडून असलेलं मशीन अधूनमधून चालवावं लागतं आणि फिल्टर धुवावा लागतो. आमच्याकडे हे काम एक काका करायचे. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. सभेला अर्धा तास लवकर यायचे, खोली उघडायचे, तिन्ही मशीन लावून द्यायचे आणि हॉलमध्ये खुर्च्या मांडायला जायचे. पाच गुरुवार सभा नाही, म्हणून पाच आठवडे काकाही आले नाहीत.

सभा म्हणजे कामाच्या वाटेतली अडचण, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं. आमचं निम्मं काम सभेच्या निमित्ताने होतं आणि ते कुठल्याच कागदावर नाही.

गोरेगाव पूर्व

परळकर, प्रसंग वाचून पोटात कालवलं. पण तुम्ही जे सांगितलंत तेच मला तुमच्याविरुद्ध सगळ्यात मोठं कारण वाटतं. माणसाचा श्वास एका काकांच्या सवयीवर टांगलेला होता! त्यांचे गुडघे दुखले असते, ते मुलाकडे पुण्याला गेले असते, तरी हेच झालं असतं. यावर उपाय सभा कसा? खोलीच्या दाराला एक कागद लावा: कुठलं मशीन, कुणी चालवलं, कोणत्या तारखेला, खाली सही. आणि त्या कामाला दोन नावं द्या, एक चुकलं तर दुसरं.

मीही अशाच एका क्लबची सभासद आहे, मध्य मुंबईतल्या. पूर्वी तिकडे राहायचो, आता गोरेगावला. ऑफिस अंधेरी एमआयडीसीत. सातला सुटले तरी साडेसातच्या सभेला मी कधीच वेळेवर पोचत नाही. सभा साडेनऊला संपते, घरी पोचायला अकरा. मुलगी सातवीत आहे. हे दर आठवड्याला करणं मला शक्य नाही, आणि माझ्या वयाच्या कुठल्याच बाईला शक्य झालेलं मी पाहिलेलं नाही. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत चाळिशीच्या आतला एकही माणूस टिकला नाही. ‘तरुणांना समाजकार्याची आवड नाही’ असं भाषणात म्हटलं जातं. त्यांना आवड असते हो, त्यांच्याकडे गुरुवारची संध्याकाळ नसते.

आणि त्या दोन तासांत होतं काय? मी लागोपाठ चार सभा घड्याळ लावून मोजल्या. शाल-श्रीफळ, वाढदिवस, पाहुण्यांची ओळख, पाहुण्यांचं भाषण, आभार. प्रत्यक्ष कामावरचं बोलणं एकदाही वीस मिनिटांच्या वर गेलं नाही.

जुनी खजिनदार

आठ वर्षं एका क्लबचे हिशेब सांभाळले, म्हणून लिहिते.

गोरेगावताई, शाल-श्रीफळाबद्दल शंभर टक्के सहमत. पण व्हॉट्सॲपवर कामकाज चालवायचं म्हणाल तर माझा ठाम नकार. आमच्याकडे हे करून झालंय. व्हीलचेअर खरेदीचा प्रस्ताव ग्रुपवर टाकला, खाली सात अंगठे आले. मंजूर समजून ऑर्डर दिली. नंतर कळलं, त्यातल्या दोघांनी अंगठा वरच्या शिबिराच्या फोटोसाठी दिला होता आणि एकाने ‘वाचलं’ या अर्थाने. बाकीचे गप्प होते, ते गप्प म्हणजे हो धरले गेले. पुढे वार्षिक सभेत जे झालं त्यात वीस वर्षांची मैत्री असलेली दोन माणसं आजतागायत बोलत नाहीत.

मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं हा अनेकांना कंटाळवाणा सोपस्कार वाटतो. पण ‘मी असं म्हणालो नव्हतो’ हे म्हणायची तीच एक जागा असते, आणि ते आठ-पंधरा दिवसांत म्हटलं तरच उपयोग. महिन्यानंतर कुणालाच नीट आठवत नाही, मग ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

दुसरं, कायद्याचं. महाराष्ट्रात आपल्यासारख्या संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवलेल्या असतात. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत वरळीला धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, आणि त्याला सभेची नोटीस, हजेरी, ठराव, सूचक-अनुमोदक सगळं जोडावं लागतं. आमचा एकदा राहिला. बँकेने सह्या बदलायला नकार दिला, जुन्या अध्यक्षांचं निधन झालेलं, आणि चार महिने अनामतीचे पैसे आम्ही खिशातून परत केले. ज्याच्या घरी नुकतंच माणूस गेलंय त्याला कॉट परत आणल्यावर ‘पैसे नंतर या’ कसं सांगणार?

दर आठवड्याला नको असेल तर पंधरा दिवसांनी घ्या. पण माणसं समोरासमोर, प्रोसिडिंग बुक टेबलावर.

रक्तपेढीवाली

मी क्लबची सभासद नाही. बावीस वर्षं रक्तपेढीत काम केलं, तुमच्यासारख्या क्लबांच्या शिबिरांवर आमचं काम चालायचं. म्हणून पलीकडच्या बाजूने सांगते.

क्लब दर आठवड्याला भेटतो की दोन महिन्यांनी, याने आम्हाला काडीचा फरक पडत नव्हता. फरक पडायचा तो शिबिराच्या तारखेने. प्लेटलेट्स, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, ५ दिवस टिकतात. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस, कोणत्या द्रावणात ठेवल्यात त्यावर. मे महिन्यात कॉलेजं बंद, माणसं गावी, आणि पिशव्या मिळता मिळत नाहीत. टाटासारख्या ठिकाणी कर्करोगाच्या मुलांना प्लेटलेट्स लागतात, ती मुलं सुट्टीवर जात नाहीत. उलट १ मे, १५ ऑगस्ट, कुणा नेत्याचा वाढदिवस आला की एका वॉर्डात तीन-तीन शिबिरं. एकदा रक्त दिलं की पुरुषाला ३ महिने आणि बाईला ४ महिने थांबावं लागतं. म्हणजे ज्यांनी १ मेला दिलं त्यातले पुरुष जुलैअखेरपर्यंत आणि बायका ऑगस्टअखेरपर्यंत बाद.

दर आठवड्याला नेमाने भेटणारे क्लब मी पाहिलेत आणि त्यांच्या सभेत दरवर्षी तीच तारीख ठरायची, अध्यक्षांच्या सोयीची. एकाही सभेतून कुणी फोन करून ‘तुम्हाला कधी कमी पडतं?’ असं विचारलं नाही. त्याउलट एका सोसायटीतली सात-आठ माणसं. त्यांना ना पदाधिकारी ना हॉल, जिन्यात उभं राहून ठरवायची. जानेवारीतच फोन यायचा आणि मेचा तिसरा रविवार त्यांनी कधी चुकवला नाही. मोठा आकडा नसायचा, चाळीसेक पिशव्या. पण त्या आठवड्यात त्या चाळीस कुठल्याही चारशेहून मोलाच्या.

परळकर, तुम्ही सभा जरूर ठेवा. मला एवढंच विचारायचंय की त्या सभेत, ज्याच्यासाठी काम करता त्याचा आवाज कुठून येतो?

विक्रोळीचा

महिन्यातून एक पुरे. आमची तशीच चालते. केंद्राची जबाबदारी तिघांवर, खर्चाची मर्यादा ठरवलेली, त्याच्या वर लागलं तर सभा बोलवायची. पाच वर्षांत कुठे अडलं नाही.

शिवडीकर

थोडी जुनी गोष्ट आठवली, इथे कामाला येईल. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस आणि तिघे अशी चार माणसं एकाच्या ऑफिसात भेटली. पुढची बैठक दुसऱ्याच्या जागी, नंतर तिसऱ्याच्या. जागा अशी फिरत राहिली म्हणून नाव पडलं रोटरी. तीच पद्धत जगभर गेली, मुंबईत १९२९ ला आली. हॉटेल, ठरलेली टेबलं, ठरलेलं जेवण हे सगळं मागाहून चिकटलं. साप्ताहिक हजेरीचा नियम तर इतका कडक होता की आपल्या क्लबात गैरहजर राहिलात तर दुसऱ्या क्लबात जाऊन भरपाई करायची. त्यांनीही २०१६ मध्ये तो सैल केला, महिन्यातून किमान दोन बैठका पुरे आणि त्या ऑनलाइनही चालतील.

माझं म्हणणं, आपण दर गुरुवार की महिन्यातून एकदा यावर भांडतोय आणि जागेकडे कुणी बघत नाही. हॉल कशाला हवा? परळकरांची सभा साहित्याच्या खोलीतच का होऊ नये? वॉकरवर हात ठेवून बसलात तर त्याचं रबर झिजलंय ते दिसेल. एखादी सभा केईएमच्या बाहेर नातेवाईक थांबतात तिथे घ्या, रक्तपेढीवाल्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आपोआप मिळेल. आणि एखादी गोरेगावला घ्या. दर वेळी त्यांनीच गाडी का पकडायची?

परळकर

गोरेगावताई, दाराला कागद लावला. खरंच लावला, काल संध्याकाळी. तुमचं बरोबर होतं, हे आधीच व्हायला हवं होतं.

पण एक गोष्ट अजून पटत नाही. यादीत जे आहे ते काम कागद करून घेईल. यादीत जे नाही ते कोण शोधणार? सभा संपल्यावर आम्ही खाली चहाला थांबतो. तिथे एकदा कुणीतरी सहज म्हणालं, ‘अरे, दुसऱ्या माळ्यावरच्या मावशी महिनाभर दिसल्या नाहीत.’ दुसऱ्या दिवशी दोघे जाऊन आले. मावशींना मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत, गॅस पेटवायची भीती वाटते म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढत होत्या. ऑपरेशन झालं, तोवर डबा गेला, आणि तिथूनच आमची डब्याची सोय सुरू झाली. आज अकरा घरांत जातो. हे ग्रुपवर कुणी लिहिलं नसतं. ‘मावशी दिसल्या नाहीत’ हा काय मेसेज टाकण्याचा विषय आहे? बोलता बोलता निघतो तो.

गोरेगाव पूर्व

कागदाबद्दल मनापासून आभार.

चहाचं मी नाकारत नाही. मला ते खरंच वाटतं आणि त्याचंच वाईट वाटतं. कारण त्या चहाला मी कधीच नसते. सभा संपली की मी धावत प्रभादेवी स्टेशन गाठते. तुम्ही लोक चालत घरी जाणारे. आमच्या क्लबात खरे निर्णय त्या चहावर होतात आणि मला ते पुढच्या गुरुवारी इतिवृत्तात ऐकायला मिळतात. वर्गणी तेवढीच भरते, शिबिराला रात्री जागते, पण ठरताना मी नसते. सभासद दूर गेले, बदलापूर-विरारला गेले, कारण परळमध्ये घर घेणं परवडत नाही. सभेची वेळ मात्र अजून गिरणीच्या पाळीवरून घरी येणाऱ्या माणसाचीच आहे.

परळकर

हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं. आमच्या यादीत अठरा नावं दादरच्या पलीकडची आहेत, आत्ता मोजली.

ठराव बदलून मांडतो: महिन्यातून दोन सभा, रविवारी सकाळी आठला, साहित्याच्या खोलीत. आधी मशीन लावायची, मग रजिस्टर, मग बाकीचं. सत्कार फक्त वार्षिक सभेला. रक्तपेढीला जानेवारीत फोन, हे कामकाजात लिहून. खर्चाचा कुठलाही निर्णय ग्रुपवर नाही.

जुनी खजिनदार

अनुमोदन. फक्त ज्येष्ठांना विचारा. आमच्याकडे रविवार सकाळ म्हटल्यावर निम्मे आजोबा नातवंडांकडे गेलेले असायचे.

विक्रोळीचा

दोनही जास्त आहेत, हे माझं मत कायम.

गोरेगाव पूर्व

रविवारी रुळांच्या कामासाठी गाड्या बंद ठेवतात तो मेगाब्लॉक साडेदहाच्या सुमाराला सुरू होतो. दहाला नक्की सुटणार असेल, आणि चहा सभेच्या आधी असेल, तर मी आमच्या क्लबातही हाच ठराव मांडते. तुमच्या खोलीची दुसरी किल्ली कुणाकडे आहे, तेही त्या कागदावर लिहा.