थायरॉईडच्या ऑपरेशननंतर कुत्रीचं कॅल्शियम आधी खाली, आता वर. अनुभव हवेत

मंडळी, मदत हवी आहे.

चिंगी, बीगल, वय १०. गळ्याशी गाठ हाताला लागली, तो थायरॉईडचा कॅन्सर निघाला, दोन्ही बाजूंना. महिन्यापूर्वी दोन्ही ग्रंथी काढल्या, त्यांच्यासोबत चारही पॅराथायरॉईड गेल्या. रक्तातलं कॅल्शियम टिकवून धरतात त्या ह्याच. ते घसरेल असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, तरी वेळ आली तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही.

तिसऱ्या रात्री ती पुढच्या पंजांनी तोंड सारखं घासत होती. मला वाटलं टाके खाजतायत. (टाके गळ्याला आणि घासतेय गाल!) मग कानाजवळची कातडी थरथरायला लागली, मागचे पाय लाकडासारखे ताठ. तसंच उचलून नेलं. एकूण कॅल्शियम ६.१ (mg/dL), फारच खाली. शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं, ईसीजी लावून, अगदी सावकाश. घाईने दिलं तर हृदयाचे ठोके बिघडतात म्हणे.

तेव्हापासून कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप, त्याने अन्नातलं कॅल्शियम शोषलं जातं), कॅल्शियम कार्बोनेट आणि थायरॉक्सिन (थायरॉईडचं हार्मोन) चालू आहे. आता उलटंच सुरू झालंय. चार दिवस पाण्याचं भांडं भरलं की रिकामं, रात्री दोनदा बाहेर न्यावं लागतं, जेवण नुसतं हुंगून सोडते. परवाच्या रिपोर्टमध्ये एकूण कॅल्शियम १२.४, म्हणजे जास्त. डॉक्टरांनी कॅल्सिट्रिऑल कमी केलंय. नॉर्मलच्या खालच्या टोकाशी ठेवायचं, असं म्हणतात. वर गेलं तर मूत्रपिंडं, फार खाली गेलं तर झटके.

ज्यांच्या कुत्र्याच्या दोन्ही बाजू काढल्यात त्यांना विचारायचंय: डोस स्थिरावायला किती दिवस लागले? डोस बदलल्यावर रक्त किती दिवसांनी तपासलं? आणि तुमच्याकडे नुसतं एकूण कॅल्शियम बघतात की आयोनाइज्डही (रक्तात मोकळं असलेलं)? अल्ब्युमिन (कॅल्शियमला धरून ठेवणारं रक्तातलं प्रथिन) कमी असलं की एकूण आकडा फसवतो, हे मला इतक्यात कळलं. औषधं कदाचित जन्मभर लागतील, त्याची तयारी आहे. डोस मनाने बदलणार नाही, तेव्हा कृपया घरगुती उपाय नकोत.

अपडेट: आयोनाइज्डही जास्तच, १.५८ (हे mmol/L मध्ये). कार्बोनेटच्या गोळ्या पूर्ण बंद, जेवणातलं कॅल्शियम पुरेल म्हणाले. तीन दिवसांनी पुन्हा रक्त. आज अर्धी वाटी खाल्लं तिने, पण माझी नजर काही तिच्या पंजांवरून हटत नाही.