जंगलात फुकट तंबू कुठे टाकता येईल?

सॅक्रामेंटोहून, सोमवार

मंडळींना नमस्कार,

सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेच्या सुट्टीत आई-बाबांना घेऊन दोन रात्री तंबूत राहायचा विचार आहे. जूनमध्ये पुण्याहून आलेत, पण आमचं घर, देऊळ आणि दुकानं यापलीकडे त्यांना अजून काही दाखवलेलं नाही. बाबा तरुणपणी दर शनिवार-रविवार सह्याद्रीत असायचे. त्यांना नीट तारे दिसतील अशा ठिकाणी न्यायचंय.

सरकारी साइटवर सगळी कॅम्पग्राउंड्स भरलेली आहेत. बरीचशी सहा-सहा महिने आधी बुक होतात, हे मला फार उशिरा कळलं. ऑफिसातला एकजण म्हणाला, नॅशनल फॉरेस्टात कुठेही तंबू टाका, पैसे लागत नाहीत. हे खरं का? आणि कुठेही म्हणजे नक्की कुठे? रात्री कुणी येऊन उठवणार तर नाही ना? सहा माणसं, दोन गाड्या, धाकटी चार वर्षांची. कुणी अनुभव घेतला असेल तर जरूर लिहा.


पुण्याहून, मंगळवार

त्या माणसानं सांगितलं ते खरं आहे, पण अर्धंच. तिकडे अमेरिकेत बावीस वर्षं होतो आणि अशा फुकट जागांवर शंभराच्या वर रात्री काढल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुझे बाबा सह्याद्रीत फिरलेले आहेत हे वाचून तर लिहायलाच हवं असं वाटलं.

जागा शोधण्याआधी जमिनीचा मालक शोध. आपल्याकडे जमिनीचा व्यवहार करताना माणूस आधी सातबारा मागतो ना, तसंच. तिकडे मोकळं रान दिसलं की ते सरकारचंच असेल असं आपण धरून चालतो. पण त्या रानाचे मालक वेगवेगळे आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. नॅशनल पार्कात, म्हणजे योसेमिटीसारख्या ठिकाणी, गाडी थांबवली आणि शेजारी तंबू टाकला हे चालत नाही. नॅशनल फॉरेस्टांचं खातं निराळं, १९०५ सालचं. बीएलएम, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, हे आणखी निराळं, १९४६ सालचं. एकट्या बीएलएमकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे आणि फॉरेस्टकडे १९ कोटींहून जास्त. या दोघांच्या जमिनीवर, जिथे मनाई केलेली नाही तिथे, कॅम्पग्राउंड सोडून रानातही मुक्काम करता येतो. त्याला ते डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. पैसे नाहीत, बुकिंग नाही. तसंच नळ नाही, संडास नाही, टेबल नाही, कचऱ्याचा डबाही नाही. एका जागी साधारण १४ दिवस राहता येतं, तुला दोनच रात्री हव्यात.

आणि काही रान खासगी मालकीचं. आमची चूक झाली ती इथेच. २००९ सालची गोष्ट. एका वेबसाइटवर कुणीतरी टाकलेली खूण बघून आम्ही अंधार पडल्यावर पोचलो. सपाट गवत, बाजूला ओढा, आम्ही खूश. रात्री अकराच्या सुमाराला पिकअप आली आणि तिचे दिवे थेट तंबूवर. ते कुरण त्या गृहस्थांचं होतं, त्यांची गुरं ओढ्यापलीकडेच बसलेली. ते एक शब्द वाईट बोलले नाहीत, पण आम्हाला उठावं लागलं. माझी मुलगी सात वर्षांची, झोपेतच, अनवाणी, उशी छातीशी धरून गाडीपर्यंत चालत गेली. ते अजून आठवतं. त्यानंतर लोकांनी टाकलेल्या खुणांच्या भरवशावर मी कधीच निघालो नाही. त्या खुणा बघायच्या जरूर, पण नकाशावर ताडून.

आता नकाशा. प्रत्येक नॅशनल फॉरेस्टचा मोटर व्हेइकल यूज मॅप असतो, एमव्हीयूएम म्हणतात. फुकट मिळतो, साइटवरही आणि रेंजर स्टेशनात, म्हणजे फॉरेस्टच्या स्थानिक कचेरीत, कागदावरही. काळ्या-पांढऱ्या रेघांचं जाळं, पहिल्यांदा बघताना काहीच बोध होत नाही. पण अर्धा तास घेऊन बस. कुठल्या कच्च्या रस्त्यावर कुठली गाडी चालते आणि वर्षातल्या कुठल्या काळात, ते त्यात आहे. काही रस्त्यांच्या कडेनं ठिपक्यांची रांग दिसेल. तिथे मुक्कामासाठी गाडी रस्त्यापासून ठरलेल्या अंतरापर्यंत आत घेता येते. ठिपके नसतील तिथे गाडी रस्त्याला लागूनच लावायची आणि सामान उचलून चालत जायचं. तुझी चार वर्षांची पोर आणि आईबाबा बघता ठिपक्यांचाच रस्ता धर.

मग तोच रस्ता सॅटेलाइटच्या चित्रात उघड. मुख्य रस्त्याला फुटलेले आखूड फाटे शोध, ज्यांच्या टोकाला मातीचा फिकट गोल दिसतो. तिथे आधी माणसं राहून गेलेली असतात, दगडांची जुनी चूल सापडते. अशाच जागी उतरायचं. गवत तुडवून नवी जागा करायची नाही. पाण्यापासून २०० फूट लांब, म्हणजे मोठ्या माणसाची सत्तर-ऐंशी पावलं. तीन-चार जागा हेरून ठेव आणि सगळे नकाशे घरूनच फोनमध्ये उतरवून घे, वर रेंज नसते.

एवढं झालं की रेंजर स्टेशनला फोन कर. हा फोन मी कधी टाळला नाही. तो रस्ता उघडा आहे का, साध्या गाडीला जमेल का, आगीचे निर्बंध काय आहेत, तीनच प्रश्न. ती माणसं मनापासून सांगतात. एकदा एका बाईंनी मला माझी जागा सोडून दोन मैल पुढची सुचवली, कारण तिथे सकाळचं ऊन लवकर पोचतं. ऑक्टोबरातल्या थंडीत त्या सल्ल्याचं मोल आम्हाला पहाटे कळलं.

कॅलिफोर्नियात कॅम्पफायर परमिट काढायला विसरू नकोस. फुकट आहे, ऑनलाइन थोडी माहिती बघून प्रश्नांची उत्तरं दिली की मिळतं. गॅसच्या शेगडीलासुद्धा लागतं. सप्टेंबर म्हणजे वणव्याचे दिवस, तेव्हा शेकोटीचा हट्ट मुळीच धरू नका. शेगडीवर पिठलं-भात होतो.

कुठे जायचं म्हणशील, तर ५० किंवा ८८ नंबरच्या हायवेनं वर गेलास की एल्डोराडो फॉरेस्ट लागतं. तळ्याकाठच्या जागा त्या सुट्टीत मिळणार नाहीत. एक दिवस जास्त काढता आला तर १०८ नंबरनं सोनोरा पास ओलांडून पलीकडे उतर. तिथे हम्बोल्ट-टोयाबे फॉरेस्ट सुरू होतं, आकाश मोठं आणि माणसं कमी. शुक्रवारी दुपारच्या आत पोच. अंधारात जागा निवडू नये.


फ्रीमाँटहून, मंगळवार रात्री

काकांनी सगळं लिहिलं, संडासाचं राहिलं. सासूबाईंना घेऊन गेलो होतो तेव्हा आमच्याकडे पहिला प्रश्न तोच होता आणि त्या बिचाऱ्या संकोचानं विचारतही नव्हत्या. दुपारपासून त्यांनी पाणी पिणं बंद केलंय हे माझ्या उशिरा लक्षात आलं. म्हणून आईंशी निघण्याआधीच मोकळेपणानं बोलून घ्या.

गुडघे चांगले असतील त्यांनी खुरप्यानं सहा ते आठ इंच खोल खड्डा करायचा, पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून २०० फुटांवर, आणि नंतर मातीनं नीट बुजवायचा. कागद पुरायचा नाही, जिपलॉकच्या पिशवीत घालून परत आणायचा. ज्यांना उकिडवं बसता येत नाही त्यांच्यासाठी घडीची सीट मिळते, तिच्यात पिशवी लावायची. आणि कपडे बदलायला असतो तो उंच, अरुंद तंबू घ्या. तो उभा केल्यावर सासूबाईंचा चेहराच बदलला.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा, भांडी धरून थोडं जास्तच. अस्वलांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. त्यांना वास येतो तो नुसत्या अन्नाचा नाही. लोणचं, तूप, टूथपेस्ट, बाळाची पावडर, सगळं अस्वलाच्या डब्यात. काळा, जाड प्लॅस्टिकचा डबा असतो, झाकणाच्या खाचेत क्वार्टरचं नाणं घालून फिरवलं की उघडतो. रेंजर स्टेशनला फोन कराल तेव्हा डब्याचा नियमही विचारा, काही भागांत तो सक्तीचा आहे. पोळ्या करून नेल्यात तर डब्यात बसतील अशा लहान लाटा.


सॅक्रामेंटोहून, पुढच्या आठवड्यात

काका, ताई, जाऊन आलो.

रेंजर स्टेशनला फोन केला म्हणून वाचलो. मी हेरलेल्या पहिल्या रस्त्यावर झाड पडून वाट बंद होती. दुसऱ्या फाट्याच्या टोकाला जागा मिळाली, जेफ्री पाइनची चार मोठी झाडं आणि मधे सपाट माती. बाबांनी एका झाडाच्या सालीला नाक लावलं आणि सगळ्यांना बोलावलं. व्हॅनिलाचा वास येतो! धाकटी मग दोन दिवस प्रत्येक झाडाचा वास घेत फिरत होती.

आधीच्या कुणीतरी चुलीत बिअरचे जळके डबे आणि काचा टाकल्या होत्या. बाबांनी काही न बोलता हातमोजे घातले आणि सगळं वेचलं, एक पिशवी भरली. तंबू त्यानंतरच उघडला.

पहाटे चारला जाग आली तर बाबा बाहेर खुर्ची टाकून, शाल गुंडाळून बसलेले. कृत्तिका डोक्यावर, मृग पूर्वेला वर आलेला. मी शेजारी बसलो. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, राजगडावर पद्मावतीच्या देवळाबाहेर असाच दिसायचा, दिवाळीच्या सुट्टीत. अजून दिसत असेल का?

काका, डिसेंबरात आम्ही पुण्याला येतोय. मुलांना तिकडेही तंबूत न्यायचंय, पैसे देऊन ओळीनं लावलेल्या तंबूंत नाही. पुण्याच्या आसपास असं काही उरलंय का?


पुण्याहून, बुधवार

तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. पिशवीचं वाचून फार बरं वाटलं.

आता इथलं. तिकडचा नियम इथे लावू नकोस. तिथे मनाई नसेल तर मुक्काम चालतो, इथे परवानगी असेल तरच. राखीव वनात विनापरवाना शिरणं आणि जाळ करणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. ताम्हिणी आणि भीमाशंकर ही अभयारण्यं, तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा राजगडावर पद्मावतीच्या देवळात कितीतरी रात्री काढल्या, टाक्याचं पाणी प्यायलो, कुणी विचारलं नाही. आता प्रत्येक गडाचं आधी संबंधित सरकारी खात्याकडे विचारून मगच निघायचं. धरणाकाठी मोकळी जमीन दिसते, तिलाही मालक आहे आणि पाण्याची पातळी रातोरात बदलू शकते.

पण मुक्कामाची आपली एक रीत आहे, कुठल्याही नकाशावर न सापडणारी. गावात उजेडी पोचायचं, पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना भेटायचं, कुठून आलो, किती जण, उद्या कुठे जाणार ते सांगायचं. देवळाचा सभामंडप, शाळेची पडवी, नाहीतर भात काढून मोकळं झालेलं खाचर, काही ना काही मिळतं. वेल्ह्याच्या आणि भोरच्या बाजूला मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. सकाळी निघताना देवळात झाडू मारायचा, शाळेला वह्या द्यायच्या. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं आणि इथेही वणवे लागतात, तेव्हा जाळ फक्त घरमालक सांगेल तिथे.

माझं आजोळ भोरजवळ. लहानपणी दिवाळीनंतर कोकणाकडे निघालेले धनगर आजोबांच्या वावरात उतरायचे. आजोबाच त्यांना बोलावून मेंढरं बसवायला सांगत, लेंडीचं खत मिळे म्हणून, आणि वर धान्य देत. संध्याकाळी घोड्यांवरून सामान उतरे, जाळी लागे, तीन दगडांवर भाकरी सुरू. मी आजीच्या नजरेआड तिथे जाऊन बसायचो. सकाळी उठून पाहावं तर वावर रिकामं. तीन काळे दगड, ओली राख आणि शेतभर लेंड्या. राखेत हात घालून ती गार आहे का हे आजोबा स्वतः बघायचे. गार नसलेली मी कधी पाहिली नाही.

ते वावर अजून आमच्याकडे आहे. सातबारा मामेभावाच्या नावावर, विहिरीला पाणी आहे, घर हाकेच्या अंतरावर, म्हणजे आईंची सोय होईल. पूर्वेला डोंगर नाही, मृग लवकर दिसतो. थंडी असते, गोधड्या मी देईन. तारखा लवकर कळव. मामेभाऊ या महिन्यात हरभऱ्यासाठी रान तयार करतो आहे, बांधाकडचा एक तुकडा न पेरता मोकळा ठेव म्हणून त्याला आत्ताच सांगावं लागेल.