‘ऊर्जा सुरक्षा’ म्हणजे नेमकी कशाची सुरक्षा?

धरमपेठची अनुवादक: आधुनिक ग्रिडसाठी ऊर्जा सुरक्षेचे कायदे कडक करावेत, अशा आशयाचा लेख मराठीत आणते आहे. संपादकांनी ‘ऊर्जा सुरक्षा’खाली लाल रेघ मारून पाठवलं: ‘अर्थिंग, शॉक याबद्दल एक ओळ नाही, मग सुरक्षा कशाची?’ 2003 च्या विद्युत कायद्याचं कलम 53 सुरक्षेचंच आहे आणि त्याचा रोख अपघात टाळण्यावर आहे. मला म्हणायचंय वीज अखंड मिळत राहण्याबद्दल. शब्द सुचवा.

महालकर: 2013 चा अन्न सुरक्षा कायदा आहे ना ताई. तिथे कोणी विषबाधा समजत नाही. रुळलेला शब्द सोडू नका.

शब्दवेडी: 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा मात्र भेसळीबद्दलच आहे! एकच शब्द दोन्हीकडे, म्हणून तर घोळ होतो. ‘ऊर्जाशाश्वती’ म्हणा.

महालकर: ‘शाश्वत ऊर्जा’ म्हटलं की लोकांना सोलर आठवतं. नको.

सीताबर्डी: मग ‘वीजहमी’? रोजगार हमी कायदा 1977 चा, तो शब्द खेड्यापाड्यात कळतो.

निवृत्त अभियंता, कोराडी: हमी कोण देणार, ते आधी ठरवा. ‘संरक्षण’ही नको, तो रिलेचा शब्द आहे; रिले म्हणजे फॉल्ट (बिघाड) दिसला की लाइन तोडणारं उपकरण. 30 जुलै 2012 ला बीना-ग्वाल्हेर 400 केव्ही लाइनीवर फॉल्ट नव्हताच. भार इतका वाढला की रिलेला तो फॉल्टसारखा दिसला अन् तिनं लाइन तोडली. उत्तरेची ग्रिड अंधारात गेली. दुसऱ्या दिवशी पूर्व अन् ईशान्यही. रिलेनं नेमून दिल्यासारखंच काम केलं होतं, म्हणजे संरक्षण होतं, सुरक्षा नव्हती. भारप्रेषण केंद्राचा, म्हणजे ग्रिडवरच्या विजेचा ताळमेळ राखणाऱ्या केंद्राचा, आदेश मोडला तर त्याच विद्युत कायद्याच्या कलम 29 मध्ये दंड 15 लाखांपर्यंत. कायदा कडक करायचा तर तिथून. राज्यांनी ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर एवढ्या दंडानं कोण थांबणार?

शब्दवेडी: दंडाचं पटलं. पण ‘ग्रिड’ कशाला? ‘वीजजाळं’ म्हणायला काय हरकत आहे? अन् ‘ग्रिड अंधारात गेली’? माझ्या कानाला ‘ग्रिड कोसळलं’ बरोबर वाटतं.

अभियंता, कोराडी: कंट्रोल रूममध्ये आम्ही जन्मभर ‘ग्रिड फेल झाली’ म्हटलं. स्त्रीलिंगच. अन् जाळं म्हणाल तर ते कोळ्याचं, मासोळीचं. जाळ्यात काहीतरी अडकतं, ग्रिडमधून वाहतं.

अनुवादक: काका, लिंग राहू द्या, ‘सुरक्षा’चं काय करू?

हिंगण्याचा: आमच्याकडे विचाराल तर ‘लाइन गेली’. पुण्याचे नातेवाईक ‘लाइट गेली’ म्हणतात अन् आम्हाला सुधारून राहिले.

महालकर: लाइनमन लाइन जोडतो, म्हणून ‘लाइन’. आपलंच जास्त बरोबर आहे.

शब्दवेडी: लाइट तर माणसाला समोर विझताना दिसते. तारेत काय झालं ते घरात बसून कुणाला कळतं?

हिंगण्याचा: फ्रीज बंद पडतो, पंखा बंद पडतो. फक्त दिवाच गेला असं कसं म्हणता?