अनुभव धागा: पोटापाण्याशी संबंध नसलेलं तुम्ही काय शिकलात?

धागा सुरू करणारा, परभणी

मंडळी, आमच्या लोखंडी पेटीत आजोबांच्या वेळचे, निजामकाळातले जमिनीचे कागद होते, सगळे उर्दूत. वडिलांनी ते कधी उलगडले नाहीत, मीही नाही. गेल्या वर्षी, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, उर्दू शिकायला बसलो. गल्लीतले एक मौलवीसाहेब रोज संध्याकाळी अर्धा तास द्यायचे. बे, पे, ते यांची रेघ सारखीच. खाली एक टिंब दिलं की ब, खाली तीन दिली की प, वर दोन दिली की त. जुने कारकून घाईत टिंबंच गाळायचे, तिथं माझे दिवसच्या दिवस गेले. अक्षरं उजवीकडून वाचायची, आकडे मात्र डावीकडून. एका कागदावर फसली, म्हणजे निजामकाळातलं महसुली साल, 1346 लागलं. त्यात 590 मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे 1936. आणि शेजारी आजीचं नाव! शेत कधीकाळी आजीच्या नावावर होतं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. तो कागद हातात धरून मी ओसरीवर बराच वेळ बसून होतो.

तुम्हीही लिहा. परीक्षा, सर्टिफिकेट राहू द्या. काय शिकलात आणि कशामुळं, तेवढं सांगा.

विहिरीच्या कामावरचा, जालना

वीस वर्षं विहिरी खोदतोय. मुरूम, काळा पाषाण, मधीच तांबड्या मातीचा पट्टा, पुन्हा पाषाण. पट्टा कशाचा, हे कधी विचारलंच नव्हतं. एका पोरानं विचारलं अन् मला उत्तर देता येईना. मग मोबाईलवर रात्र-रात्र वाचलं. आपला पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर. एक थर थंड होऊन त्याची माती झाली, तिच्यावर दुसरा लाव्हा आला, माती भाजली, तोच तांबडा पट्टा. आता टोपलं वर आलं की आधी दगड फोडून बघतो. आतल्या पोकळीत पांढरे स्फटिक निघाले की पोरांसाठी घरी नेतो.

पैठणहून

मी पाखरं ओळखायला शिकले. हिवाळ्यात नाथसागरावर पट्टकादंब येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे. हिमालय ओलांडून येतात म्हणे, हे कळल्यापासून पहाटे अंथरुणात राहवत नाही.

किल्लारीजवळच्या गावातून

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. मी अकरा वर्षांची होते. आमचं घर माळवदाचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत, उन्हाळ्यात गार. भूकंप झाला अन् तेच आमच्यावर आलं. धाकटा भाऊ गेला. आई देवाचा कोप म्हणायची, मी गप्प राहायचे. चाळिशीत लेकीच्या भूगोलाच्या पुस्तकापासून वाचायला लागले अन् थांबलेच नाही. आमच्या भिंतीला दोन बाजूंनी दगड, मधी माती आणि चिपा. दोन्ही बाजूंना बांधून धरणारा आडवा दगड कुठंच नव्हता, वर माळवदाच्या मातीचं ओझं. हे कळलं त्या दिवशी मी पोटभर रडले. आता गावात कुणी दगडी भिंत बांधायला काढली की तिथं जाऊन उभी राहते. आडवा दगड घातल्याशिवाय हलत नाही.

अंबाजोगाईहून

परभणीकर दादा, आमच्याकडं आजेसासऱ्यांची मोडीतली पत्रं आहेत. आधी आडवी रेघ पूर्ण ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवायची, एवढं मी बघून-बघून शिकलेय. त्यात दोन कागद उर्दूतले निघालेत. परभणी माझं माहेर. दिवाळीत आले तर मौलवीसाहेब मला पण बसू देतील का?