मदत हवी आहे: लेकीचा बोकड जुलैत फेअरच्या लिलावाला जाणार आहे

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत ज्यांच्या मुलांनी फोर-एचमध्ये जनावर वाढवून काउंटी फेअरच्या (जिल्ह्याच्या जत्रेच्या) लिलावात विकलंय, त्यांच्याशी बोलायचंय. आम्ही इंडियानात असतो. लेक अकरा वर्षांची, नुकतीच पाचवी झाली. शाळेतल्या मैत्रिणीमुळे ती फोर-एचमध्ये गेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९०२ साली ओहायोत सुरू झालेली मुलांची ही चळवळ. आमच्याकडे पर्ड्यू विद्यापीठाचा विस्तार विभाग ती चालवतो. पोरं शिवणकामापासून रोबोपर्यंत काहीही निवडतात. आमच्या बाईसाहेबांनी बोकड निवडला.

एप्रिलमध्ये बोअर जातीचं खच्ची केलेलं करडू आणलं, ४५ पौंडांचं. अंग पांढरं आणि डोकं थेट चिकूच्या रंगाचं, म्हणून नाव चिकू. आमच्याकडे जागा नाही, त्यामुळे मैत्रिणीच्या गोठ्यात ठेवलाय. रोज सकाळ-संध्याकाळ लेक जाते. खुराक मोजून घालते, लेंड्या काढते, मग पट्टा धरून अर्धा मैल फिरवते. आंत्रविषार आणि धनुर्वाताची लस, कानातला बिल्ला, १५ मेच्या आत नोंदणी, जनावराच्या काळजीचं ऑनलाइन प्रशिक्षण, सगळं तिनेच पाठपुरावा करून केलं. खर्चाची वहीही तीच लिहिते. आता तो ७५ पौंडांचा झालाय.

सासरे जतकडचे, आयुष्यभर शेरडं राखली. फोनवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एवढंच म्हणाले, "इकायच्या जनावराला नाव कशापायी ठिवलंसा?" पण आता दर रविवारी पहिला प्रश्न त्यांचाच, "चिकू खातोय का?" बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा कसा करायचा ते त्यांनी नातीला व्हिडिओवर दाखवलं. इथे मात्र सगळं उघड्यावर. मूल जनावर घेऊन रिंगणात फिरतं आणि लिलाववाला मोठ्याने बोली पुकारतो.

माझे तीन प्रश्न आहेत.

पहिला पाण्याचा. खच्ची बोकडाला खुराकावर मुतखडा लवकर होतो, असं डॉक्टरांनी बजावलंय. खाद्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट आहे, अमोनियम क्लोराइडही आहे. पण ऊन वाढल्यापासून चिकू बादलीत नुसतं तोंड बुडवतो आणि मागे होतो. फेअरला पाच दिवस परक्या जागी तो पाणी पिईल का?

दुसरा पत्रांचा. मुलांनी लिलावाआधी गावातल्या व्यावसायिकांना पत्र लिहून बोलवायचं असतं. बाकीच्यांचे आजोबा बँकवाल्याला, ट्रॅक्टरवाल्याला ओळखतात. आमच्या ओळखी म्हणजे मोटेलवाले पटेलकाका आणि किराणा दुकानवाल्या मावशी. दोघंही शुद्ध शाकाहारी. त्यांना बोकडाच्या लिलावाला बोलावणं बरं दिसेल का?

तिसरा प्रश्न लिहायला मला चार दिवस लागले. आमच्या काउंटीत लिलावाला गेलेलं जनावर घरी परत येत नाही, ट्रक थेट कत्तलखान्यात जातो. लेकीला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तिने स्वतः फॉर्मवर सही केलीय. आम्ही घरी मटण खातो, त्यामुळे तिला वेगळं काही सांगायला मला तोंडही नाही. परवा ती त्याला नीट उभं राहायला शिकवत होती. चारही पाय चौकोनात, मान वर, तिचा गुडघा त्याच्या छातीला. तो रवंथ करत तिच्या मनगटावर हनुवटी टेकवून राहिला आणि ती मला शांतपणे म्हणाली, "आई, अजून तेवीस दिवस." मी गाडीत जाऊन बसले. मीच बोली लावून त्याला परत घ्यावा असं फार वाटतंय. कोणी असं केलंय का? त्या शेवटच्या दिवशी तुम्ही काय केलंत?

प्रतिसाद

ताई, आम्ही ओहायोत. मुलाने तीन वर्षं कोकरं विकली.

पाण्याचं सोपं आहे. आजपासूनच बादलीत थोडी चवीची पूड घाला, आम्ही लिंबू सरबताची घालायचो. तीच चव फेअरला घातली की पाणी परकं वाटत नाही. शिवाय घरचं पाणी दोन कॅन भरून न्या. बादली रोज घासा, सावलीत ठेवा. शेळीजात घाण बादलीला तोंड लावत नाही. आणि तो कुंथताना किंवा थेंब थेंब मुतताना दिसला तर सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टर. कुठलंही औषध दिलं तर मांसासाठी किती दिवस थांबायचं ते विचारून वहीत लिहा. ते दिवस भरले नाहीत तर विकता येत नाही.

पटेलकाकांना जरूर पत्र द्या, पण खरं काय ते लिहा. बऱ्याच ठिकाणी बोली न लावता मुलाच्या नावावर वरचे २५-५० डॉलर देता येतात. आमच्याकडे एका जैन डॉक्टरांनी तसेच दिले होते. तुमच्या फोर-एचच्या ऑफिसात चौकशी करा.

परत घेण्याचं मात्र मनातून काढा. २०२२ साली कॅलिफोर्नियातल्या शास्ता काउंटीत नऊ वर्षांच्या मुलीने ऐनवेळी करडू द्यायचं नाकारलं. ९०२ डॉलरची बोली लागली होती. आईने ते दूर नेऊन ठेवलं, तर शेरीफची, म्हणजे काउंटी पोलिसांची, माणसं जाऊन घेऊन आली आणि ते कापलं गेलं. पुढे काउंटीला ३ लाख डॉलर देऊन दावा मिटवावा लागला, पण करडू गेलं ते गेलंच. ठेवायचंच असेल तर लिलावाला नाव देण्याआधी ठरवा, आणि ते लेकीने ठरवू दे. नुसतं रिंगणात दाखवून घरी आणता येतं का, तेही विचारा.

शेवटच्या संध्याकाळी आमचा मुलगा पेंढ्यात कोकराला टेकून बसला होता. आम्ही फक्त डबा नेऊन दिला. पट्टा त्याने स्वतः सोडला, अजून त्याच्या खोलीत आहे. रिंगणात सोळा वर्षांची धिप्पाड पोरं वासराच्या मानेत तोंड खुपसून रडतात, कोणी हसत नाही. तिला एकटीला सोडू नका आणि रडू नको असंही म्हणू नका.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. ऑफिसात फोन केला. चिकूला नुसतं दाखवून घरी आणता येईल, नाव काढायला अजून आठ दिवस आहेत. लेकीला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आज नको, रविवारी आजोबांशी बोलून सांगते." पटेलकाकांचं पत्र मात्र लिहून टेबलावर ठेवलंय. सरबताची पूड आज घातली, अर्धी बादली प्यायला.